बेल्ट लोडरला गाडीचा रिव्हर्स सेन्सर: मागे घेताना कामाचा, विमानाला लावताना नाही

पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चार सेन्सरचा रिव्हर्स किट सहज मिळतो. लोहगाव विमानतळावरच्या बेल्ट लोडरला, म्हणजे फिरत्या पट्ट्यावरून विमानात सामान चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या गाडीला, तो बसवला, तर उभ्या विमानाला लागणारे धक्के टळतील का? एवढंच इथे तपासलं आहे.

किटमध्ये चार सेन्सर, कंट्रोल बॉक्स, बझर आणि बहुतेकदा भोक पाडायचा होल सॉ असतो. सेन्सर जमिनीपासून साधारण ५० सेंमीवर, एका रेषेत बसवायचे. किट १२ व्होल्टचा असतो. बॅटरीवरचे लोडर बहुधा ४८ किंवा ८० व्होल्टचे, त्यामुळे मधे व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर हवाच. थेट जोडलं तर कंट्रोल बॉक्स जळतो.

खरी अडचण वायरिंगची. किटची तार रिव्हर्स लाइटला जोडतात, आणि लोडर विमानाकडे जातो तो तोंड पुढे करून. म्हणजे नेमका धोका असतो तेव्हा बझर गप्प. किट पुढे बसवून वेगळ्या स्विचवर घेतला, तरी सेन्सर बंपरच्या उंचीवरून पाहतात. विमानाला आधी लागतं ते पट्ट्याचं टोक, बंपरच्याही पुढे आणि बरंच वर. शिवाय सुमारे ३० सेंमीच्या आत असे किट अंतर मोजत नाहीत, आणि ज्या आवाजाच्या लहरीने सेन्सर अंतर मोजतात, ती विमानाच्या गोल अंगावरून तिरकी निघून जाते. शेवटच्या वीतभर अंतरात सेन्सर आंधळाच. त्या वीतभरासाठीच तर तो विकत घ्यायचा होता!

म्हणून लावण्याची पद्धत जुनीच ठेवावी. इंजिनं बंद, विमानाचा लाल दिवा बंद, चाकांना चॉक (अडवणारे ठोकळे), इशाऱ्याचे शंकू मांडलेले, मगच आत शिरायचं. विमानापासून लांब असतानाच गाडी पूर्ण थांबवून ब्रेक तपासायचा. पुढे माणसाच्या चालीने, खुणा करणारा सहकारी दिसत असेल तरच. तो नजरेआड झाला की थांबायचं. पट्टा कार्गो दाराच्या उंबऱ्याला टेकवायचा नाही. सामान उतरलं की विमान वर येतं, इंधन आणि नवं सामान चढलं की खाली बसतं. टेकलेला पट्टा मग उंबरा चेपतो. फट मधेमधे पाहत राहावी. टोकाचा रबर कडक झाला, चिरला की लगेच बदलावा.

आणि धक्का बसलाच, कितीही हलका, तर काम थांबवून इंजिनिअरला सांगायचंच. २६ डिसेंबर २००५ रोजी सिअ‍ॅटलला सामानाच्या वाहनाचा धक्का अलास्का एअरलाइन्सच्या एमडी-८३ ला लागला आणि कळवला गेला नाही. उड्डाणानंतर पत्र्याला सुमारे १२ बाय ६ इंचांचं भोक पडून केबिनचा दाब गेला. विमान सुखरूप परतलं.

काम संपल्यावर लोडर मागे घेताना मात्र किट चांगला उपयोगी. मागे उभी ट्रॉली, ट्रॅक्टर, माणूस वेळेत कळतात. तेवढ्यासाठी जरूर घ्यावा. विमानाकडे जाण्यासाठी मात्र पट्ट्याच्या टोकावरून अंतर मोजणारी, जवळ जाताच वेग आपोआप उतरवून ब्रेक लावणारी यंत्रणाच हवी. ती महाग आहे. पण विमान दुरुस्तीला उभं राहिलं की होणाऱ्या खर्चापुढे किरकोळच.

पावसाळ्याआधी कनेक्टर उघडून गंज पाहावा, आणि सेन्सरवरचा चिखल रोज ओल्या फडक्याने पुसावा.