आधी पुस्तकी इंडोनेशियन की 'गाउल'?

भाची कामानिमित्त जाकार्ताला चालली आहे. तिचा प्रश्न, "मामा, क्लासमधली भाषा शिकू की मोबाईलवरची?" मोबाईलवरची म्हणजे 'गाउल', तिथल्या तरुणांची बोली.

मेहनत पाहिली तर पुस्तकी भाषेत डोकं खातात ते उपसर्ग. 'तुलिस' म्हणजे लिहिणं, पण वाक्यात ते 'मेनुलिस' होतं. 'पुकुल' (मारणं) चं 'मेमुकुल', म्हणजे 'प' गायबच. बोलीत सरळ 'नुलिस'. काळ आणि लिंग मात्र दोन्हीकडे क्रियापदाला चिकटत नाहीत. गेला-गेली-गेलं करणाऱ्या आपल्याला ही चैनच.

चालतं कुठे? 'मी'साठी 'साया' कुठेही खपतं. 'गुए' मित्रांत ठीक, साहेबांपुढे उद्धट. शिवाय त्याला जाकार्ताचा वास आहे. पण चॅट उघडलं की पुस्तक उपयोगाचं नाही. 'तिदाक' (नाही) चं 'गाक' किंवा नुसतं 'ग्क', 'यांग' (जो, जे) चं 'य्ग', आळसाला 'मागेर' (मालास गेराक), आणि हसायला 'वकवकवक'. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बदक आठवलं.

टिकाऊपणात पुस्तकी पुढे. आजच्या शुद्धलेखनाची घडी 1972 ची, किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर तीच. गाउल शब्द लवकर शिळे होतात.

खर्च म्हणाल तर अधिकृत शब्दकोश 'काबेबेई' (KBBI) ऑनलाइन फुकट आहे. गाउलला लागतात मित्र.

ऑफिसची पत्रं, परीक्षा, सरकारी फॉर्म असतील तर पुस्तकी. चार महिन्यांची भटकंती आणि गप्पा एवढंच असेल तर गाउल. भाचीचा करार दोन वर्षांचा आहे, म्हणून तिला क्लासला बसवलंय. 'वकवकवक' तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात येईलच.