बेस्कोव्ह की यार्त्सेव्ह: आधी कोणाची कारकीर्द अभ्यासावी?

गोल करणारा खेळाडू प्रशिक्षक झाल्यावर काय करतो, हे समजून घ्यायचं असेल तर मॉस्कोच्या स्पार्ताक या फुटबॉल क्लबच्या प्रशिक्षकांमधली दोन नावं घ्या: कॉन्स्तान्तिन बेस्कोव्ह आणि गिओर्गी यार्त्सेव्ह. दोघेही आघाडीपटू. त्यात यार्त्सेव्ह तर बेस्कोव्हनेच शोधलेला.

खेळाडू म्हणून बेस्कोव्ह उजवा. १९४५ च्या ब्रिटन दौऱ्यात दिनामो मॉस्कोने चेल्सीशी ३-३ बरोबरी केली आणि आर्सेनलला ४-३ हरवलं, त्या संघाच्या आघाडीत तो होता. यार्त्सेव्ह मात्र अव्वल साखळीत पोचला तोच तिशीत. पण आल्या मोसमात, १९७८ मध्ये, १९ गोल करून तो सर्वाधिक गोल करणारा ठरला!

प्रशिक्षकपदी गणित वेगळं. १९६४ मध्ये बेस्कोव्हचा सोव्हिएत संघ युरोपीय स्पर्धेत उपविजेता ठरला, तरी त्याला काढलं. अंतिम सामना माद्रिदमध्ये साम्यवादविरोधी हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनकडून हरणं मॉस्कोतल्या सत्ताधाऱ्यांना पचलं नाही. (उपविजेतेपदासाठी नोकरी गमावणं म्हणजे कहरच.) त्याचं खरं काम १९७७ पासूनचं. स्पार्ताक तेव्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. त्याने संघ वर आणला, १९७९ मध्ये विजेता केला. आखूड पास, सतत जागा बदलणं, कोस्त्रोमाहून यार्त्सेव्ह आणि आस्त्राखानहून गोलरक्षक दासायेव्ह यांच्यासारखी माणसं हेरणं, ही त्याची पद्धत. १९८७ मध्ये पुन्हा विजेतेपद मिळालं, पुढच्याच वर्षाअखेर क्लबने त्याला घालवलं.

यार्त्सेव्ह आणीबाणीतला माणूस. १९९६ मध्ये बरेच नामवंत परदेशी गेल्यावर त्याने पोरांना घेऊन स्पार्ताकला विजेतेपद दिलं; अलानिया क्लबशी गुण समान झाल्याने सेंट पीटर्सबर्गमध्ये निर्णायक सामना झाला, तो २-१ जिंकला. २००३ मध्ये धडपडणारा रशियाचा संघ हाती घेऊन कार्डिफमध्ये वेल्सला १-० हरवलं आणि युरो २००४ गाठला. तिथे पुढे विजेत्या ठरलेल्या ग्रीसला हरवणारा रशिया हा एकमेव संघ, पण तो गटातच बाद झाला. जाहीर टीका करणाऱ्या आपल्याच संघातल्या मोस्तोवोयला यार्त्सेव्हने स्पर्धेतूनच घरी धाडलं होतं. त्याच वर्षी पोर्तुगालकडून ७-१ अशी धूळधाण झाली.

दोन-तीन वर्षं हातात असलेल्या प्रशिक्षकाने बेस्कोव्हपासून सुरुवात करावी, १९७७ ते १९७९ हे तीन मोसम पुरेत. मोसमाच्या मध्यात कोसळता संघ गळ्यात पडला असेल तर मात्र आधी यार्त्सेव्हचा कार्डिफचा सामना बघा.