हातातलं जीपीएस: हर्णैच्या होडीवर एक हंगाम

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी हे यंत्र परत करायला निघालो होतो. पावसाळी मासेमारीवरची ६१ दिवसांची बंदी संपली, होडी आंजर्ल्याच्या खाडीतून बाहेर काढली आणि मे महिन्यात घेतलेलं, दोनदाच वापरून कपाटात ठेवलेलं जीपीएस चालू केलं. मी केबिनच्या छपराखाली उभा, होडी चालू, पंधरा मिनिटं झाली तरी पडद्यावर उपग्रहांचा शोधच चालू. होडी चालवणाऱ्या तांडेलकाकांनी एकदा बघितलं आणि किनाऱ्यावरच्या खुणा धरून होडी पुढे नेली. मला फार वाईट वाटलं, कारण पैसे मीच घालायला लावले होते.

चूक यंत्राची नव्हती. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येक जण आपली नेमकी जागा कळवत राहतो. पण तो संदेश सेकंदाला फक्त ५० बिट इतका संथ असतो. एका उपग्रहाची ही माहिती पुरती मिळायला सलग ३० सेकंद लागतात. मध्ये छप्पर, माणूस किंवा डोलकाठी आडवी आली की पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी, म्हणजे त्यांचं पंचांगच म्हणा, उतरायला साडेबारा मिनिटं जातात. नेमकी माहिती साधारण चार तासांत शिळी होते. माझं यंत्र तर दोन महिने बंद होतं.

तेव्हापासून बर्फ भरायला घेतला की मी यंत्र चालू करून नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उघड्या आभाळाखाली ठेवतो आणि हात लावत नाही. चार उपग्रहांच्या पट्ट्या भरल्या की जागा पक्की होते. रोज वापर असेल तर मिनिटभरात काम होतं. पण लगेच निघायचं नाही: सुवर्णदुर्गाचा एक पॉइंट, म्हणजे तिथले अक्षांश-रेखांश, मी यंत्रात साठवून ठेवलाय, त्याचं अंतर आणि दिशा डोळ्यांना दिसतंय त्याच्याशी जुळली तरच पुढे. थांबलेल्या होडीवर दिशेचा बाण भरकटतो, तो बिघाड नाही. जागा बदलल्याशिवाय त्याला दिशा कळत नाही. (होकायंत्र वेगळं असलेली मॉडेल्स येतात, माझं तसं नाही.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या होडीवाल्यानं जाळं फाडणाऱ्या एका खडकाचा पॉइंट चिठ्ठीवर दिला, अक्षांश १७.४०. त्याच्या लेखी ते १७ अंश ४० मिनिटं होतं. माझ्या यंत्राची मांडणी दशांश अंशांची, म्हणून यंत्रानं तो आकडा १७ अंश २४ मिनिटं असा धरला. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणजे खडक १६ मैल दक्षिणेला सरकला! काकांनी अंतर बघून विचारलं, "अरे, तो खडक दाभोळच्या अलीकडे, मग हे इतके मैल कसे दाखवतंय?" त्यांनी विचारलं नसतं तर त्या दिवशी जाळं गेलं असतं. नवीन यंत्र घेतलं की पहिल्याच दिवशी मांडणी अंश-मिनिटांची करा, डेटम (अक्षांश-रेखांश कुठल्या पद्धतीनं मोजायचे ती निवड) डब्ल्यूजीएस ८४ आहे ना ते बघा, आणि पॉइंट घेताना देणाऱ्याची मांडणी विचारा.

गगन ही इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं मुख्यतः विमानांसाठी उभारलेली, जीपीएसमधली चूक कमी करणारी यंत्रणा. माझ्या यंत्रात तिचा पर्याय आहे. चालू केल्यावर जागेत किती चूक असू शकते याचा पडद्यावरचा अंदाज पाच-सहा मीटरवरून दोन-तीन मीटरवर येतो. खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा चुकवताना मी तो चालू ठेवतो, पण वाट भरती बघूनच धरतो. वाळू दर पावसाळ्यात सरकते, यंत्राला ते ठाऊक नसतं.

तक्रारी दोन. सेलचा प्रकार मेनूत बदलावा लागतो हे पुस्तिकेत धड लिहिलेलं नाही. रिचार्जचे सेल १.२ व्होल्टचे असतात. साध्या सेलची निवड तशीच राहिली तर भरलेला सेलही अर्धा दिसतो. दुसरी, मागच्या झाकणाचं रबर. जानेवारीत खारं पाणी आत शिरून पत्र्यावर हिरवट थर आला. आता परतल्यावर झाकण घट्ट लावून गोड्या पाण्यानं धुतो आणि नीट पुसल्यावरच उघडतो.

खलाशी पाण्यात पडला तर दाबायचं बटण एकदाही लागलं नाही. तरी होडीवरच्या पाचही जणांकडून मी ते दाबून घेतलंय, अंधारातसुद्धा.

हंगाम संपला, परवा सेल काढून यंत्र डब्यात ठेवलं. जुलै संपण्याआधी एका कोरड्या सकाळी ते चालू करून अंगणात अर्धा तास उघड्या आभाळाखाली ठेवणार आहे.