थायलंडमधले सार्वजनिक तरणतलाव: आठ महिन्यांच्या वापरानंतर

थायलंडमध्ये नोकरीसाठी येणारा मराठी माणूस घर शोधताना पहिल्यांदा काय बघतो? कॉन्डोला स्विमिंग पूल आहे का! फोटोत निळंशार पाणी दिसतं आणि भाडं दोन हजार बातांनी (बात म्हणजे थाई चलन) वाढलं तरी चालतं. महिन्याभरात कळतं की तो तलाव बारा-पंधरा मीटरचा आहे, मध्येच वळलेला आहे, आणि संध्याकाळी त्यात हवा भरलेली बदकं तरंगत असतात. पाय बुडवून बसायला छान, पण अंतर कापून पोहायचं असेल तर निरुपयोगी. सलग हजार मीटर पोहायचं तर 25 किंवा 50 मीटरचा सरळ तलाव लागतो. तसे तलाव इथे भरपूर आहेत आणि स्वस्तही आहेत. त्यांच्यावर पैसा फारसा जात नाही, जातो तो वेळ: कागदपत्रं जमवण्यात आणि वेळापत्रक पाठ करण्यात.

आधी शोधायचं कसं ते. नकाशावर इंग्रजीत 'स्विमिंग पूल' टाकलं की हॉटेलं आणि पूल बांधणारे कंत्राटदार येतात. थाई शब्द टाकावा लागतो: 'स वाय नाम'. भाषांतराच्या ॲपमधून थाई लिपीत घ्यायचा आणि नकाशात चिकटवायचा. मराठी माणसाला इथे एक फायदा आहे, तो म्हणजे यातला 'स' हा संस्कृत 'सरस्', आपल्या सरोवरातला. पुढचे शब्दही ओळखीचे निघतात. 'थेत्सबान' म्हणजे नगरपालिका, मूळ 'देशपाल'. 'सनाम कीला' म्हणजे क्रीडांगण, कीला ही आपली क्रीडा. 'महाविथ्थयालाय' म्हणजे विद्यापीठ, हे सांगायलाच नको. स्वस्त तलाव याच तीन नावांखाली सापडतात, म्हणून 'स वाय नाम'च्या पुढे यांपैकी एक जोडून शोधलं तर काम लवकर होतं. चौथा प्रकार बँकॉकमधला: महापालिकेची युवा केंद्रं, 'सून यावचोन'. मराठी कानाला गमतीशीर वाटेल, पण ही 'सून' शून्यावरून आली आहे आणि थाईत तिचा अर्थ केंद्र असाही होतो.

बँकॉकमध्ये सर्वांत स्वस्त तीच. वर्षाची वर्गणी प्रौढाला 40 बातच्या आसपास, लहान मुलांना त्याहून कमी. एक बात अडीच-तीन रुपयांचा धरला तर वर्षाचे शंभर-सव्वाशे रुपये झाले. काही ठिकाणी तलावात उतरताना वर किरकोळ शुल्क घेतात. लुम्फिनी उद्यानातलं केंद्र गगनचुंबी इमारतींच्या मधोमध आहे आणि मेट्रोने सहज गाठता येतं. दिनदेंगचं थाई-जपान युवा केंद्र मोठं आहे, पण मेट्रो स्टेशनपासून चालत लांब पडतं, मोटारसायकल टॅक्सी करावी लागते. उत्तरेला रंगसितला थम्मासात विद्यापीठाचं जलतरण संकुल आहे. 1998 च्या आशियाई खेळांसाठी उभारलेलं, 2007 च्या विद्यापीठ स्पर्धाही तिथे झाल्या. शहराच्या मध्यात राहणाऱ्याला रोज जाणं परवडणार नाही, पण त्या बाजूला नोकरी असेल तर दुसरं काही बघूच नये.

चियांग माईत 700 वर्षपूर्ती क्रीडासंकुल आहे, 1995 च्या आग्नेय आशियाई खेळांसाठी बांधलेलं. शहराच्या वायव्येला, कालव्याच्या रस्त्यावर. तलाव 50 मीटरचा आणि उघड्यावर. विद्यापीठाच्या तलावाचं नाव रुचिरवोंग, म्हणजे सरळ सरळ रुचिरवंश. फुकेतला सफान हिन इथे, कोरातला (नाखोन रात्चासिमा) 2007 च्या आग्नेय आशियाई खेळांच्या संकुलात असे तलाव आहेत. एकंदर सूत्र असं की ज्या शहरात कधी मोठ्या क्रीडास्पर्धा झाल्या तिथे 50 मीटरचा तलाव असतोच, आणि स्पर्धा संपल्यावर तो चालवण्यापुरते पैसे निघावेत म्हणून लोकांना खुला केलेला असतो. प्रांतातल्या अशा तलावांवर एका वेळेचं तिकीट साधारणपणे 50 ते 100 बातच्या दरम्यान बसतं. विद्यापीठात विद्यार्थ्यांचा दर वेगळा, बाहेरच्यांचा जास्त. काही लष्करी छावण्यांतले तलावही बाहेरच्यांना चालतात. तिथे फाटकावर ओळखपत्र ठेवून घेतात, म्हणून पासपोर्ट न देता वाहन परवाना द्यावा.

दरफलकाबद्दल एक सूचना. परदेशी माणसाला जास्त दर लावण्याची पद्धत इथे आहे, आणि कधी कधी स्थानिक दर थाई अंकांत आणि परदेशी दर इंग्रजी अंकांत लिहिलेला असतो. थाई अंक दहाच आहेत, एका संध्याकाळी येतात, ते शिकून घ्यावेत. फलकावर 'ताङ चात' दिसलं की ते आपण: परदेशी, यातला 'चात' म्हणजे जाती. 'समाचिक' म्हणजे सदस्य, मूळ शब्द 'सामाजिक'. वर्क परमिट, थाई वाहन परवाना किंवा परदेशी रहिवाशांचं गुलाबी ओळखपत्र दाखवून स्थानिक दर मिळू शकतो, पण तो हक्क नाही, खिडकीवरच्या माणसाची मर्जी आहे. हसून एकदा विचारावं आणि नाही म्हटलं तर द्यावे. तीस-चाळीस बातांसाठी तिथे आवाज चढवणाऱ्याचं थायलंडमध्ये कुठलंच काम होत नाही.

सदस्यत्वाचे कागद सगळीकडे जवळपास सारखेच: पासपोर्टच्या फोटोच्या पानाची आणि चालू व्हिसाच्या पानाची प्रत, एक इंच मापाचे दोन फोटो, आणि डॉक्टरचा दाखला. प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही हवी. सही नसलेली प्रत परत येते. सहीसोबत 'फक्त तलाव सदस्यत्वासाठी' असं आडवं लिहून ठेवावं म्हणजे ती प्रत दुसरीकडे वापरली जात नाही, थाई लोकही तसंच करतात. डॉक्टरचा दाखला म्हणजे 'बाय रॅप रोंग फेत'. मोठ्या रुग्णालयात गेलात तर अर्धा दिवस आणि भरपूर पैसे जातील. गल्लीतल्या छोट्या क्लिनिकात रक्तदाब बघून, दोन प्रश्न विचारून शंभर-दोनशे बातांत मिळतो. दाखला पोहण्यासाठी हवा आहे हे आधी सांगा. तसं न सांगता घेतलेल्या साध्या दाखल्यात त्वचारोग किंवा संसर्गजन्य आजार नाही हे वाक्य नसतं, आणि तलावाला नेमकं तेच हवं असतं. तो महिन्याच्या आतला असावा, म्हणून शेवटी काढावा. दादरला किंवा पुण्यात महापालिकेच्या तलावाचा पास काढलेल्यांना यात नवीन काही नाही, फक्त रांग लहान आहे.

आता कपडे, कारण पहिल्या दिवशी परत पाठवलं जातं ते बहुतेक वेळा यावरून. सुती टी-शर्ट, बर्म्युडा, फुटबॉलची चड्डी चालत नाही. सुताचे धागे सुटून गाळणीत अडकतात आणि सैल कपडा पाण्यात पाय अडकवतो. अंगाला चिकटणारं पोहण्याच्या कापडाचंच हवं. पुरुषांना गुडघ्यापर्यंतची जॅमर चालते. बायकांनी पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याच्या खाली जाणारा पोहण्याचा पोशाख घातला तर कुणी वळूनही बघत नाही, कारण उन्हाने काळं पडू नये म्हणून थाई बायका स्वतःच तसं घालतात. आपल्याकडच्या तलावांपेक्षा हा मोकळेपणा जास्त आहे आणि तो गुण द्यायला हवा. टोपी सक्तीची. कापडी टोपी खिडकीवर मिळते, पण ती केस कोरडे ठेवत नाही, सिलिकॉनची घ्यावी. डोक्याला तेल लावून येऊ नये, हे मराठी वाचकांना मुद्दाम सांगायला हवं. तेलाचा तवंग पाण्यावर येतो, टाइल्सच्या कडेला काळी रेघ धरते आणि क्लोरीन खाऊन टाकतो. रोज पोहणार असाल तर पोशाख लायक्राचा न घेता पॉलिएस्टर किंवा पीबीटी कापडाचा घ्या. लायक्रा क्लोरीनमध्ये काही महिन्यांत सैल पडून मागून पारदर्शक होतो, आणि ते आपल्याला सोडून सगळ्यांना दिसतं.

वेळापत्रक हा खरा डोकेदुखीचा भाग. सोमवारी बरेच तलाव बंद असतात: 'पित थुक वन चान'. पित म्हणजे बंद, थुक म्हणजे प्रत्येक, वन म्हणजे दिवस आणि चान म्हणजे चंद्र. वारांची नावं आपलीच आहेत. आथित म्हणजे आदित्य, फुत म्हणजे बुध, सुक म्हणजे शुक्र; मंगळवार 'आंगखान' आहे, आणि अंगारकी पाळणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. सुट्ट्यांच्या दिवशी पालिकेचे तलाव बहुधा बंद: 13 ते 15 एप्रिलचं सोंगक्रान, 28 जुलै, 12 ऑगस्ट, 5 डिसेंबर. शिवाय पौर्णिमेच्या बौद्ध सुट्ट्या: माखा बुचा, विसाखा बुचा, आसानहा बुचा. म्हणजे माघ, वैशाख आणि आषाढ पूजा. घरी कालनिर्णय असेल तर बहुतेक वर्षी आपल्या पौर्णिमांवरून अंदाज येतो; अधिक महिन्याच्या आसपास मात्र थाई पंचांगच बघावं.

दिवसात बॅचेस असतात आणि मधे सफाईसाठी तलाव रिकामा करतात. चारनंतर शाळा सुटतात आणि शिकवणीचे वर्ग सुरू होतात. आठपैकी पाच लेन क्लबच्या मुलांना, उरलेल्या तिनात आपण सगळे. मार्च ते मेच्या मध्यापर्यंत आणि ऑक्टोबरात शाळांना सुट्टी असल्याने ही गर्दी सकाळीही असते. अंतर पोहणाऱ्याला सकाळची पहिली बॅच किंवा संध्याकाळची शेवटची, दुसरा पर्याय नाही. दुपारी लेन रिकाम्या असतात, पण डोक्यावर तळपतं ऊन आणि पाणी कोमट. दोन वाजता उघड्या तलावात पाठ भाजून निघते. मे ते ऑक्टोबर दुपारनंतर गडगडाट सुरू झाला की शिट्टी वाजते आणि सगळ्यांना बाहेर काढतात. अर्धा-पाऊण तास जातो, पैसे परत मिळत नाहीत. त्या महिन्यांत तिकिटापेक्षा वार्षिक सदस्यत्व किंवा कूपनांची वही परवडते, कारण बुडालेल्या बॅचचं दुःख कमी होतं.

उत्तरेत दोन अडचणी वेगळ्या. डिसेंबर-जानेवारीत चियांग माईचं पाणी सकाळी खरंच थंड असतं, तलाव तापवलेले नसतात, दहानंतर जावं. आणि फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जाळल्याचा धूर. दम लागेपर्यंत पोहणारा माणूस चालणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतो. थाई प्रदूषण नियंत्रण विभागाचं 'एअर4थाई' ॲप बघून ठरवावं, आणि आकडा लाल असेल तर उघड्या तलावाचं नाव काढू नये. बँकॉकला हाच त्रास डिसेंबर ते फेब्रुवारीत होतो.

पाण्याची पारख पैसे भरण्याआधी करावी. सर्वांत खोल टोकाला उभं राहून तळाची जाळी बघा. तिच्या पट्ट्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत. नुसता काळा ठिपका दिसला तर त्या दिवशी परत फिरा. क्लोरीनचा उग्र वास आला म्हणजे पाणी स्वच्छ, ही समजूत चुकीची आहे. तो वास घाम आणि लघवीशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो, डोळे त्यानेच चुरचुरतात, आणि रविवारी संध्याकाळी तो सर्वांत जास्त असतो. पोहण्याआधी शॉवर सक्तीचा आहे तो याचसाठी. सोमवारी बंद ठेवून जादा क्लोरीन टाकणाऱ्या तलावात मंगळवारी सकाळचं पाणी आठवड्यातलं सर्वांत निवळ असतं, मात्र केस आणि त्वचेला चांगलंच लागतं. काही तलावांच्या भिंतीवर त्या दिवसाच्या पीएच आणि क्लोरीनच्या नोंदी असतात, पीएच 7.2 ते 7.8 मध्ये असेल तर ठीक. त्याहून जास्त महत्त्वाचं म्हणजे नोंद आजची आहे की तीन आठवड्यांपूर्वीची. 'मिठाच्या पाण्याचा तलाव' अशी जाहिरात असते, पण ते पाणीही क्लोरीनवरच चालतं. मिठापासून यंत्र ते तिथल्या तिथे तयार करतं.

शिकाऊ लोकांनी खोली नक्की बघावी, 'लुक' म्हणजे खोली. स्पर्धेचे तलाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन मीटर खोल असू शकतात, मधे उभं राहायला जागा नाही. जीवरक्षक आधी एक लांबी पोहून दाखवायला सांगू शकतो. लेनमध्ये कोण कुठल्या बाजूने जातो ते उतरण्यापूर्वी दोन मिनिटं उभं राहून बघावं, प्रत्येक तलावाची रीत वेगळी. जुने तलाव दुरुस्तीसाठी महिनोन्महिने बंद होतात आणि नकाशावर 'उघडा' असंच दिसत राहतं. ताजी बातमी त्यांच्या फेसबुक पानावर असते, तेवढं जाण्यापूर्वी उघडावं.

सदस्यत्वाच्या कार्डावरची तारीख बौद्ध सनात असते. 2569 मधून 543 वजा केले की 2026. काही ठिकाणी मुदत कार्ड काढल्यापासून वर्षभर, काही ठिकाणी ठरलेल्या तारखेला सगळ्यांची एकदम संपते. दुसरा प्रकार असेल तर अखेरचे दोन महिने तिकिटावर काढून नव्या मुदतीत कार्ड घ्यावं. डॉक्टरचा दाखला नूतनीकरणालाही पुन्हा लागतो. आणि लॉकरसाठी दहा बातांची नाणी खिशात ठेवा, खिडकीवर सुट्टे नसतात.