हिरवे ढेकूण ओळखायला १०× घडीचं भिंग: जरूर घ्यावं असं

वालावर, टोमॅटोवर बसणारे वास मारणारे हिरवे ढेकूण नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. २१ मिमी काचेच्या १०× भिंगाने तो घोळ मिटतो. ढेकूण पारदर्शक डबीत घालून १० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, गारठला की पळत नाही. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि डबी अडीच सेंटीमीटरपर्यंत जवळ आणा. हातभर लांब धरलं की सगळं धूसर दिसतं आणि उगाच भिंगाला नावं ठेवली जातात.

पाठीवरच्या त्रिकोणाच्या वरच्या कडेला तीन बारीक पांढरे ठिपके आणि दोन्ही कोपऱ्यांत एकेक काळा, तो नेझारा विरिडुला. खांद्यांवर आडवा फिकट किंवा गुलाबी पट्टा असेल तर पिझोडोरस. अंग हिरवं, पंख तपकिरी, तो प्लाउटिया. फसगत होते ती नेझाराच्या पिवळ्या खांद्यांच्या प्रकारात. तिथे पिवळा रंग थेट डोक्यापर्यंत जातो, पिझोडोरसचं डोकं मात्र हिरवंच. अंडी सापडली तर फारच उत्तम: नेझाराची फिकट, दाटीने चिकटलेली, पिझोडोरसची गडद आणि दोन ओळींत.

३०× च्या नादी लागू नका. त्यात एकच ठिपका दिसतो, पूर्ण त्रिकोण मावत नाही.