स्टार-१०० की क्रे-१?

विमानाच्या पंखावरून वाहणारी हवा संगणकावर बिंदूंच्या जाळ्यात बसवली की प्रत्येक बिंदूला तेच गणित पुन्हा पुन्हा. नासाच्या लँगली केंद्रात त्यासाठी सीडीसी (कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन) कंपनीचं स्टार-१०० हे महासंगणक यंत्र होतं. ते आकडे थेट मेमरीतून ओढायचं, एका दमात ६५,५३५ पर्यंत. पण मोटर लावल्यावर पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यात पोचायला वेळ लागतो ना, तसं प्रत्येक सूचनेला आधी ताटकळणं. जाळ्याची पन्नासेक बिंदूंची एकच ओळ दिली, तर बराचसा वेळ त्यातच जाई.

१९७६ चं क्रे-१ एका वेळी ६४ च आकडे घ्यायचं, पण रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्याच छोट्या, झटपट साठ्यात धरून. सगळे गुणाकार उरकायच्या आतच बेरीज सुरू. जाळ्याच्या सीमेवरच्या सुट्या, एकेका आकड्याच्या गणितातही चपळ. अख्खं जाळं एकाच लांब रांगेत बसत असेल तर स्टार चालेल. एरवी मी क्रेच घेतलं असतं, अर्थात पैसे दुसऱ्याचे असते तर!