‘हे लाकूड गेलंय’ : वाडा दुरुस्तीतली फसवणूक

वाड्याच्या कामात मालक लुबाडला जातो तो बहुधा नवं बांधताना नाही, जुनं उतरवताना. ठेकेदार तुळईत स्क्रूड्रायव्हर खुपसतो, चिमूटभर भुगा तळहातावर घेतो आणि म्हणतो, ‘हे गेलंय, पूर्ण वाळवी आहे.’ मग ट्रॅक्टरभर साग ‘सरपण’ म्हणून फुकट नेला जातो. वर तो हलवायची मजुरीही बिलात लागते.

वाळवी आधी सागाचा बाहेरचा पांढरट थर खाते. आतला तपकिरी गाभा बऱ्याचदा शाबूत असतो. खरं कुजतं ते भिंतीत गेलेलं टोक, कारण ओल तिथे कोंडते. म्हणून तुळई टोकापासून टोकापर्यंत हातोडीने ठोकत जा. बद्द आवाज आला तिथेच टोचा घाला. अर्ध्या-पाऊण इंचावर तो अडला, तर लाकूड कामाचं आहे. फक्त टोक कुजलं असेल, तर तेवढं कापून नव्या सागाचा तुकडा सांधता येतो. पण सांधणारा सुतार महाग आणि नवी तुळई विकणं फायद्याचं, त्यामुळे हा पर्याय ठेकेदार स्वतःहून सुचवत नाही.

नव्या लाकडात मापाची चोरी होते. घनफूट काढताना लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत धरून गुणायचं आणि 144 ने भागायचं. 10 फूट लांब, 8 × 6 इंची तुळई म्हणजे 3.33 घनफूट. रंधा मारून प्रत्यक्षात येते ती साडेसात × साडेपाच, म्हणजे 2.86. चाळीस नगांत पावणेएकोणीस घनफुटांचे पैसे हवेत जातात. रंध्याची घट कोणाच्या माथी, हे आधी ठरवून लिहून घ्या. बिलावर ‘सीपी साग’, म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या जंगलातला साग, असतो आणि माल कोवळ्या लागवडीचा, पांढऱ्या कडांचा. कडा झाकायला पॉलिश मारून आणतात, म्हणून लाकूड पॉलिशशिवायच उतरवून घ्या.

चुन्याचं सोंग ओळखणं सोपं आहे. गिलाव्याच्या बिलात गूळ, हिरडा, बेलफळ सगळं असतं. जागेवर मात्र चुना भिजत घातलेला खड्डा किंवा पिंप दिसत नाही. कळीचा चुना विरवून काही आठवडे मुरवावा लागतो, तो सकाळी पोत्यातून निघून दुपारी भिंतीवर जात नाही. दुसऱ्या दिवशी गिलाव्यावर नख ओढा. ओरखडाच उठला नाही, तर आत सिमेंट आहे. दगड-मातीच्या भिंतीवर सिमेंट लागलं की आतली ओल कोंडते, पोपडे सुटतात आणि भिंतीतली लाकडाची टोकं कुजायला लागतात.

वाड्याच्या मागच्या बाजूला संडास-बाथरूम वाढवताना चार कॉलमचे पैसे लागतात आणि उभे राहतात दोनच. स्लॅबची दुसरी बाजू जुन्या भिंतीत खोचलेली असते. साडेचार इंची स्लॅबचं वजन चौरस फुटाला साधारण 26 किलो, म्हणजे 10 × 10 फुटांच्या खोलीला अडीच टनांच्या वर. मातीच्या जोडाईवर हा नवा भार आला आणि नवा पाया वेगळा खचला, की जोडावर उभी भेग पडते. पाया खोदल्यावर सळयांसकट फोटो काढा, खड्डे मोजा आणि मगच काँक्रीट ओतू द्या.

सगळ्यात जालीम डाव कॅलेंडरचा. मार्चमध्ये ‘पुढच्या आठवड्यात सुरू करू’ म्हणत एप्रिल घालवायचा, मेच्या मध्यावर कौलं उतरवायची आणि मग ‘आत बरंच खराब निघालं’ म्हणून आकडा दीडपट करायचा. उघड्या छपराखाली, जून तोंडावर आलेला मालक घासाघीस करत नाही. त्या घटकेला दुसरा ठेकेदार मिळत नाही, हे दोघांनाही ठाऊक असतं. छपराचं काम दिवाळीनंतर काढा आणि एका वेळी दोन-तीन खणच उघडू द्या. नवं लाकूड आवारात पडल्याशिवाय एकही कौल हलू देऊ नका. करारात ‘निघालेला सर्व माल मालकाचा’ ही ओळ हवी. उतरवण्याआधी प्रत्येक तुळईवर आणि खांबावर ऑइल पेंटने क्रमांक टाकून फोटो ठेवा, आणि क्रमांकाचं लाकूड मालकाच्या सहीशिवाय फाटकाबाहेर जाणार नाही, हेही त्याच करारात लिहून घ्या.